परातीवरचं दुसरं नाव

ही गोष्ट मी आजवर दोनशे वेळा तरी सांगितली असेल. लग्नाच्या मांडवात, केस कापायच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, एकदा तर दवाखान्यात सलाईन चालू असताना. आणि दर वेळी खोटी सांगितली. माझ्या त्या गोष्टीत दिल्लीत आलेले परदेशी साहेब माझा हात हातात घेतात, असा हात जगात नाही म्हणतात, आणि करीमदाद नावाचा काबूलचा कलावंत माझ्या गळ्यात पडून रडतो. साहेबांनी माझं अक्षर पाहून काहीतरी म्हटलं होतं, एवढं त्यात खरं आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातल्या गमती लिहा’ असं कळवलंय. गमती आहेतच. पण ज्यांना मी खोटी गोष्ट सांगितली त्यातले निम्मे वर गेले. उरलेल्यांना तरी खरी कळावी.

माझा धंदा भांड्यावर नाव घालायचा. आता भांडी स्टीलची झाली आणि नाव घालायला विजेचं यंत्र आलं, घर्र करून दोन मिनिटांत माणूस मोकळा. आमच्या वेळी बोटभर लांबीची टोकदार छिन्नी, एक हलकी हातोडी आणि मांडीवर गोणपाट, एवढाच कारखाना. टिंबाला टिंब लावत अक्षर काढायचं. हात जोरात पडला तर पत्र्याला भोक, हळू पडला तर राखेनं घासून घासून वर्षभरात नाव गायब. भंडाऱ्याच्या बाजारात शेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी चौतीस वर्षं बसलो, आणि जेवढी टिंबं मारली तेवढे आकाशात तारे नसतील. तारे कोणी मोजले नाहीत आणि टिंबंही नाहीत, त्यामुळे मला खोटं पाडणारा अजून भेटलेला नाही.

नाव कशासाठी? आमच्याकडं लग्न म्हटलं की गावजेवण, आणि गावजेवणाला भांडी अख्ख्या गावाची. या घरची परात, त्या घरचे भाताचे गंज, तिसऱ्या घरचा पाण्याचा गुंड. जेवणं उठली की घासलेल्या भांड्यांचा ढीग अंगणात पडतो. मग लग्नघरचा एक माणूस एकेक भांडं उचलतो, नाव वाचतो आणि ज्याचं त्याच्या घरी पोचतं करतो. बिननावाचं भांडं कोणाचंच नसतं. नावाची जागाही ठरलेली असते, काठाजवळची कोरी पट्टी. कितीही नक्षीचं भांडं असलं तरी कारागीर काठाला दोन बोटं जागा कोरी सोडतो. ती नावासाठी. आमच्या बाजारात हे कोणाला सांगावं लागत नाही.

आणि घातलेलं नाव निघत नाही. एकोडीच्या एका शेतकऱ्यानं पोरीच्या आंदणाची एकवीस भांडी माझ्याकडून नावं घालून नेली होती, पोरीचं आणि जावयाचं. आठ दिवसांत बैलगाडीतून सगळी परत.

“भाऊ, जावयाचं नाव काढून द्या.”

“काहून जी?”

“जावई बदलला.”

मी म्हटलं, “बाप्पा, नाव काढायचं तर कानस मारावी लागते. पत्रा पातळ होते अन् भांडं तिथूनच गळते. त्यापेक्षा जावई जुनाच राहू द्या.” म्हातारा गाडीला टेकून बराच वेळ विचार करत राहिला.

लाखनीचे दोन भाऊ तर वाटणीत आलेला एकच गुंड घेऊन आले होते. दोघांचीही नावं शेजारीशेजारी घालून घेतली. आमच्यात भांड्यावर दोन नावं असली की अर्धी मालकी याची, अर्धी त्याची. तो गुंड पुढं आठ दिवस एकाकडं आणि आठ दिवस दुसऱ्याकडं राहायचा, आणि मधल्या दिवशी दोघांच्या बायका आपापली कळशी घेऊन भांडायच्या. हसू नका. या दोन नावांपाशी मला पुन्हा यायचं आहे.

ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तिथले लोक घरंदारं सोडून निघाले. काही दिल्लीत येऊन राहिले, त्यात चित्रकार होते, वाजवणारे होते, नक्षीकाम करणारे होते. एकेका खोलीत सात-आठ जण कोंबलेले. अशा जागेत कलावंताचा हात मरतो म्हणून दिल्लीच्या एका संस्थेनं एक सोय काढली. त्यांच्यातल्या एकेकाला सहा महिने दूरच्या कारागिराच्या गावी ठेवायचं. राहायला जागा द्यायची, जेवण द्यायचं, सामान द्यायचं आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. आमच्या पितळेचं नाव ऐकून संस्थेच्या बाई शेठच्या दुकानात आल्या. शेठनं माझ्याकडं बोट दाखवलं, कारण माझ्या घरामागं एक रिकामी खोली होती.

बाई मला दोनदा म्हणाल्या, “उनको अपना काम करने दीजिए. बस, इतना ही.”

मी म्हटलं, बाई, माझ्या पणज्यानं नागपूरच्या राजाच्या हत्तीच्या घंटांवर नावं घातली आहेत, कलावंताची कदर आमच्या रक्तात आहे. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. पणजा माझा लोकांचे बैल राखत होता.

जाताना बाईंनी खरी गोष्ट सांगितली. सहा महिन्यांनंतर हे सगळे कलावंत आपापलं काम घेऊन दिल्लीला जमणार. परदेशातून जाणकार येणार. त्यातल्या एकाला ते आपल्या देशात नेणार, बायकापोरांसकट, राहायला घर आणि काम करायला जागा देऊन. आमच्याकडं येणाऱ्या माणसाची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी पेशावरच्या छावणीत होती. त्याचं काम पसंत पडलं तर ती तिघं एका छपराखाली येतील. नाही पडलं तर तो दिल्लीत आणि त्या पेशावरात.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर कळलं, असं मला म्हणता येत नाही.

माणूस यायच्या आधी आठ दिवस मी बाजारात हवा केली. सात फूट उंचीचा पठाण येतोय. काबूलच्या बादशहाच्या जेवणाच्या थाळ्या त्यानं कोरल्या. एका थाळीवर असा मोर काढला की त्याला पाहून महालातल्या मांजरी उपाशी राहिल्या. ज्या दिवशी तो यायचा त्या दिवशी नागपूरच्या एस.टी.भोवती शे-सव्वाशे माणूस जमलं. आणि गाडीतून उतरला एक बुटका, हडकुळा, चष्मेवाला माणूस, हातात पत्र्याची पेटी, उतरल्याबरोबर खोकला.

शेठ माझ्या कानाशी लागले. “दामोदर, सात फूट म्हणत होता ना बे?”

मी म्हटलं, “शेठ, पेटीत आहे बाकीचा.”

तर असा करीमदाद आला. वय चाळीस असेल. मला पहिल्या भेटीतच ‘उस्ताद’ म्हणाला. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी उस्ताद म्हटलं नव्हतं. दामोदर, दाम्या, नाववाला, थापाड्या, एवढंच. मी त्याला अडवलं नाही. माझ्या छिन्न्या हातात घेऊन त्यानं एकेक टोक बोटाच्या नखावर लावून पाहिलं आणि दोन बाजूला ठेवल्या. त्या दोन बोथट आहेत हे मला बारा वर्षं माहीत होतं.

काबूलमध्ये हिंदी सिनेमे बघून बघून त्याला हिंदी येत होतं. मी त्याला नावाची रीत समजावून सांगितली. नाव असलं की भांडं कुठंही जावो, आपल्या घरी वापस येते, म्हटलं.

त्यानं विचारलं, “और उस्ताद, घर ही न रहे तो?”

आता या प्रश्नाला गप्प बसायचं असतं. मी म्हटलं, “अरे करीमभाऊ, वैनगंगेच्या पुरात एका बाईचं घर वाहून गेलं, पाण्याचा गडवाही वाहून गेला. तीन वर्षांनी तिनं नवं घर बांधलं तर गडवा दारात उभा. अंगावर शेवाळ, पण नाव साफ.” तो हसला. खोकल्यासारखं बारीक हसायचा. मला वाटलं, काय झकास उत्तर दिलं आपण.

दोन महिन्यांत तो आमच्यातलाच झाला. धानाच्या मुलखात पोळीवर जीव टाकणारा माणूस, म्हणून माझी बायको सिंधू रोज चार पोळ्या फक्त त्याच्यासाठी भाजायची. आमची भाषा त्यानं सिंधूकडून उचलली. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “भाभी, मले भूक लागून राह्यली.” सिंधूच्या हातातून लाटणं पडलं. त्यानंतर त्याचं हिंदी सुटलंच. काबूलचा माणूस ‘कायले’ आणि ‘काहून’ करत बाजारातून फिरायचा.

काम मात्र तो स्वतःचंच करायचा. पाच वस्तू करायच्या होत्या. एक मोठी परात, दोन थाळ्या, एक गडवा, एक डबा. परात त्यानं राळेच्या थरावर बसवली, म्हणजे ठोकताना पत्रा लवत नाही, आणि मधोमध त्याची गल्ली काढायला घेतली. काबूलची. घराला घर लागलेलं, मातीच्या भिंती, एक तुतीचं झाड, दोरीवर वाळत घातलेले कपडे. प्रत्येक दार वेगळं. एका दाराची कडीसुद्धा वेगळी. बाकी सगळी दारं बंद, हे एक अर्धं उघडं. सिंधूनं विचारलं, हे कोणाचं? तर म्हणाला, “आमचं. बायको पाणी आणाले गेली आहे.”

मी हे रोज पाहायचो. एवढ्या वर्षांत मी एकही दार काढलं नाही. नावंच घातली, तीही दुसऱ्यांची.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ माणसांची लग्नं सुरू झाली. दुकानात आंदणाच्या भांड्यांचे ढीग. आता माझी पहिली लबाडी. गिऱ्हाईक पायरीवर बसून असायचं आणि करीमदाद दुकानाच्या मागच्या ओसरीत ठोकत असायचा. त्यांना तो दिसावा म्हणून मी त्याची बैठक पुढं, माझ्या शेजारी आणली. उजेड चांगला आहे म्हणालो. मग सुरू केलं. याच्या हातचं नाव पडलं की भांड्याला जन्मभर कलई करावी लागत नाही. काबूलच्या राण्यांची भांडी अजून चकाकतात.

बाप्पा, लोकांची रांग लागली. साकोलीहून, लाखनीहून, थेट जंगलातल्या गावांतून बैलगाड्या आल्या. सगळ्यांना नाव पाहिजे ते काबूलवाल्याच्याच हातचं. मी कागदावर मोठ्या अक्षरात नाव लिहून द्यायचो, तो आधी रेघोट्या म्हणून आणि महिनाभरात अक्षरं म्हणून उतरवायला लागला. त्याचं अक्षर असं आलं की लोक माझ्याकडचं काम काढून त्याच्यापुढं ठेवू लागले.

प्रत्येक पोरीचं नाव घालताना तो विचारायचा. “ही कोण आहे? कुठं जाऊन राह्यली? माय आहे काय तिले?” पोरीचा बाप बसून सगळं सांगायचा. मग तो तिच्या नावाखाली, कोणी मागितलं नसताना, एक तुतीचं पान टाकायचा. त्यात त्याचा आणखी वेळ जायचा.

एकोडीची एक बाई महिनाभरानं भांडं घेऊन भांडायला आली. कलई लागत नाही म्हणून तिनं बिनकलईच्या पितळेत दही लावलं होतं, ते कळकून हिरवं झालं. “कोण म्हणत होता बिनकलईचं चालते?” करीमदाद माझ्याकडं पाहायला लागला. मी म्हटलं, बाई, म्हशीचा दोष असंल. ती गेल्यावर तो मला म्हणाला, “उस्ताद, तुमी खूप चांगलं खोटं बोलता. मले असं येत नाही.” मी ते शाबासकी म्हणून घेतलं.

रात्री जेवताना सिंधूनं मात्र माझं ताट माझ्यापुढं आदळलं.

“अजी, ते पाच वस्तू करायले आले ना? चार महिने झाले. एक परात झाली अर्धी.”

“करंल ना. लोकायचं मन मोडवत नाही त्याले.”

“लोकायचं नाही. तुमचं मन मोडवत नाही त्यायले. तुमी उस्ताद ना त्यायचे.” उस्ताद हा शब्द तिनं असा उच्चारला की मी ताट तसंच टाकून हात धुवायला उठलो.

त्याला मी एकदाही म्हटलं नाही की करीमभाऊ, हे सोड, आत जाऊन आपलं काम कर. म्हटलं असतं तर उठून गेला असता, इतका साधा होता. पण पायरीवर गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध मी होतो. तिकडं पेशावरात एक पोर बापाची वाट पाहतेय हे मला माहीत होतं, आणि इकडं मी गिऱ्हाइकांना मांजरींची गोष्ट सांगत होतो.

शेवटी दिल्लीला जायचा दिवस आला तेव्हा पाचातली एकच वस्तू झाली होती. परात. ती मात्र अशी झाली होती की शेठसारखा माणूस, ज्याला पितळ म्हणजे फक्त वजन, तोसुद्धा पाच मिनिटं पाहत उभा राहिला. सगळी गल्ली, सगळी दारं, गावाभोवती एक भिंत, आणि भिंतीबाहेर, काठापर्यंत, दोन बोटं कोरी पट्टी.

करीमदादनं मला त्या पट्टीबद्दल काहीतरी सांगितलं होतं. एका दुपारी, पायरीवर. माझ्यापुढं तेव्हा सहा गिऱ्हाइकं बसली होती आणि मी बोलत होतो. मी मान हलवली. काय सांगितलं ते ऐकलं नाही.

निघायच्या दिवशी तो सकाळी पोलिसांच्या कचेरीत गेला. परदेशी माणूस, गाव सोडताना नोंद करावी लागायची. परात माझ्यापुढं होती. ती मलाच गोणपाटात बांधायची होती. शेठ म्हणाले, “दामोदर, नाव घातलं नाही बे अजून? आपल्या दुकानातून भांडं बिननावाचं जाते काय कधी? दिल्लीत हरपलं तर?”

आता इथपर्यंत मी शेठच्या, बाजाराच्या, धंद्याच्या मागं लपू शकतो. कोरी पट्टी म्हणजे नावाची जागा, हे आमच्या हाडात आहे. मी छिन्नी घेतली आणि घातलं, ‘करीमदाद, काबूल’. जीव ओतून घातलं. त्याच दोन बोथट सोडून बाकीच्या छिन्न्यांनी.

इथं थांबलो असतो तर त्याला अडाण्याची माया म्हणता आलं असतं. पण पट्टी अजून कोरी होती. आणि परात दिल्लीला जाणार होती, साहेब पाहणार होते, कदाचित समुद्रापार जाणार होती. मी इतकी वर्षं लोकांची नावं घातली होती. मी छिन्नी पुन्हा लावली आणि शेजारी घातलं, ‘दामोदर, भंडारा’. भराभर घातलं, चोरी करताना हात जसा चालतो तसा. मग परात धानाच्या तणसात गुंडाळली, गोणपाटात घातली आणि दाभणानं शिवून टाकली. करीमदाद आला तेव्हा वरचा दोरा तोडत होतो.

दिल्लीला मीही गेलो. गरज नव्हती. तीस तासांच्या प्रवासात डब्यातल्या लोकांना मी सांगत होतो की आम्ही दोघांनी मिळून एक परात केली आहे. करीमदाद खिडकीशी बसून मुलीचा फोटो पाहत होता. ‘आम्ही दोघांनी’ त्यानं ऐकलं असेल. उस्तादाच्या थापा म्हणून सोडून दिलं असेल.

संस्थेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलामागं एकेक कलावंत. कोणाची चित्रं, कोणाचा गालिचा. आमच्या टेबलावर एक गोणपाटाचं गाठोडं. त्यानं टाके उसवले, तणस बाजूला केलं, परात उचलून उजेडात धरली, आणि तशीच धरून राहिला.

“हे काय उस्ताद?”

“तुमचं नाव, करीमभाऊ. बिननावाचं भांडं आमच्यात बाहेर जात नाही.”

त्याचा अंगठा पुढं सरकला. “अन् हे?”

“हे माझं.”

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात, सिंधूकडून शिकलेल्या भाषेत म्हणाला, “मी सांगतलं होतं ना तुमाले. भिंतीबाहेर काय आहे मले माहीत नाही. आता तिथं कोण राहून राह्यलं, काय झालं, काहीच माहीत नाही. म्हणून कोरं सोडलं होतं.”

तेवढ्यात बाई त्या परदेशी जाणकारांना घेऊन आमच्या टेबलापाशी आल्या.

दोघं होते, एक साहेब आणि एक मडम. त्यांनी परात पाहिली आणि बाकीची खोली विसरले. साहेब चष्मा काढून वाकला. प्रत्येक दार बघितलं. अर्ध्या उघड्या दारापाशी मडमेनं काही विचारलं, करीमदादनं सांगितलं, बाईंनी ते इंग्रजीत केलं, मडमेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, जमलं. मग साहेबाचं बोट काठावर आलं. माझ्या अक्षरावर. टिंबाटिंबावरून ते बोट हळूहळू फिरलं आणि तो काहीतरी म्हणाला.

बाईंनी मला सांगितलं, “कहते हैं, अक्षर बहुत सुंदर हैं.” आणि मग वाचून, हसून, करीमदादकडं वळल्या. “आपने इनकी लिपि सीख ली? और अपने मेज़बान का नाम भी लिखा?”

सगळं माझ्यापुढं वाढून ठेवलं होतं. करीमदादला आमची अक्षरं येत होती. हजार भांड्यांवर त्यानं ती घातली होती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. किंवा गप्प बसायचं होतं. अख्ख्या भंडारा जिल्ह्यातला एक नंबरचा थापाड्या त्या टेबलापाशी उभा होता. करीमदाद बाईंकडं पाहत नव्हता, माझ्याकडं पाहत होता. वाट पाहत होता. खोटं त्याला येत नव्हतं, मला येत होतं.

मी म्हटलं, “अक्षर माझं आहे जी.”

बाईंचं हसू थांबलं. “मतलब, इस पर आपने भी काम किया है?”

मी घाईघाईनं म्हटलं, नाही, नाही, फक्त नाव. पण बाईंनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मडमेकडं पाहिलं. पुढ्यात ठेवायचं काम पूर्ण एका हाताचं पाहिजे, असा नियम होता. दुसऱ्याचा हात लागलेली वस्तू धरायची नाही, नाहीतर उद्या कोणीही उठून कोणाचंही काम घेऊन येईल. नियम बरोबरच होता. मडमेनं करीमदादला विचारलं, दुसरं काही आहे? दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या चार वस्तूंचा वेळ भंडारा जिल्ह्यातल्या पोरींच्या आंदणात वाटला गेला होता, एकेका तुतीच्या पानानं.

एका गालिचेवाल्याची निवड झाली. भला माणूस होता, करीमदादनं त्याला मिठी मारली.

बाई मला दारापाशी एवढंच म्हणाल्या, “दामोदरजी, वहाँ अपना नाम लिखना ज़रूरी था?” हत्तींच्या घंटांचा विषय त्यांनी काढला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तो मला स्टेशनवर सोडायला आला. चालता चालता म्हणाला, “उस्ताद, एक इचारू?”

“इचार ना.”

“रोज खोटं बोलता. आजच कायले खरं बोलले?”

गाडी चुकंल म्हणत मी पाय उचलला. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. साहेबाचं बोट माझ्या अक्षरावरून फिरत होतं, आणि ते अक्षर दुसऱ्याचं आहे असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. खरं बोलायची ताकद वगैरे काही नव्हती ती. माझ्या सगळ्या थापांच्या मुळाशी जे होतं, तेच होतं.

गाडी हलायच्या आधी त्यानं गोणपाटातली परात माझ्या बाकाखाली सरकवली. “तुमी घेऊन जा. माझ्या खोलीत ठेवाले जागा नाही. नाव तर आहे तिच्यावर.”

घरी आल्यावर सिंधूनं परात उजेडात नेली, दोन्ही नावं वाचली, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवून दिली. चौथ्या दिवशी म्हणाली, “पोळ्या आता कोणासाठी करू?”

तीन महिन्यांनी दिल्लीहून एक कार्ड आलं, कोणाकडून तरी हिंदीत लिहवून घेतलेलं. तो कुठल्या तरी तंदूरवर रोट्या भाजत होता. बायको आणि मुलगी पेशावरातच. भाभीला सलाम. मी उत्तर लिहायला बसलो. चार पानं लिहिली. बाजारातल्या गमती, शेठची फजिती, वैनगंगेला न आलेला पूर. माफीची ओळ पाचव्या पानावर लिहीन म्हटलं आणि पाकीट बंद केलं. नंतर पाठवलेली दोन पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली.

माझं नाव काढायचाही मी प्रयत्न केला. कानस घेऊन बसलो. ‘दामोदर’मधला ‘दा’ घासला तर पत्रा कागदासारखा पातळ झाला. आणखी घासलं असतं तर काठ फाटून भिंतीपर्यंत गेला असता. थांबलो. आता तिथं ‘मोदर’ आहे, आणि ‘दा’ तिरप्या उजेडात दिसतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात लग्न होतं. सिंधू माहेरी गेलेली. लग्नघरच्या बायका भांडी मागायला आल्या, आणि सुनेला काही माहीत नाही, तिनं खाटेखालून ती परातही काढून दिली. मला कळलं तेव्हा तिच्यात पुरीचं पीठ भिजत होतं. जाऊन मागून आणायची हिंमत झाली नाही. मागितली असती तर काहून म्हणून विचारलं असतं, आणि मी पुन्हा काहीतरी थाप ठोकली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नघरचा माणूस दारात आला. पन्नाशीचा, भांडी पोचवून पोचवून घामेजलेला. शेवटचं भांडं हेच राहिलं होतं.

“काकाजी, हे तुमचंच ना?”

मी विचारलं, “पहिलं नाव वाचलं काय?”

“वाचलं ना. करीमदाद, काबूल. अख्खा मोहल्ला पालथा घातला जी, तीन गल्ल्या फिरलो. त्या घरचं कोणीच भेटलं नाही. मंग दुसरं वाचलं, अर्धंच आहे ते, पण समजलं. म्हणून तुमच्याकडं आणली.”

मी परात घेतली. बरी घासली होती, पण त्या अर्ध्या उघड्या दाराच्या फटीत पीठ अडकून वाळलं होतं. पेटीतून बारकी छिन्नी काढली आणि ते पीठ कणाकणानं टोकरत ओसरीवर बसून राहिलो.